निंबा आप्पाचे विलायती राजे

पावसाळ्यात खाडी भरली की तिचं काळं पाणी आमच्या सुरतेतल्या बमरोलीच्या सोसायटीत फाटकातून शिरतं. अशा वेळी लोक काय करतात? मोटरसायकली ओट्यावर चढवतात, फ्रीजखाली विटा लावतात, गाद्या माळ्यावर टाकतात. निंबा आप्पा घरातली लाल प्लास्टिकची खुर्ची आणतो, फाटकाच्या मधोमध पाण्यात ठेवतो, तिच्यावर बसतो आणि पाण्याला बोट दाखवून म्हणतो, "मागे सर."

पाणी सरत नाही. आप्पाला ते आधीच माहीत असतं. गुडघे बुडेपर्यंत तो बसून राहतो. मग उठतो, खुर्ची डोक्यावर घेतो आणि जमलेल्या माणसांना सांगतो, "पाहिलं? राजाचंही ऐकत नाही."

आमचा वॉचमन ओरिसाचा. पहिल्यांदा हे पाहून तो माझ्याकडे धावत आला होता. "चाचा, आपके दोस्त की तबियत खराब है." मी गेलो तर आप्पा पाण्यात बसून मलाच शिकवायला लागला. "भो, इंग्लंडला कनूट नावाचा राजा होता. त्याने समुद्रकाठी खुर्ची टाकली आणि लाटांना हुकूम दिला, मागे सरा. लोक समजतात तो येडा होता. येडा नव्हता तो. त्याच्या मागेपुढे फिरणारे चमचे म्हणायचे, महाराज, समुद्रसुद्धा तुमचं ऐकेल. त्यांची तोंडं बंद करायला बसला बिचारा. पण पडद्यावर दाखवायचं झालं तर त्याला येडाच दाखवतील. पडद्यावर जाऊ नको, भो."

"पडद्यावर जाऊ नको" हे आप्पाचं पेटंट आहे. राजाबद्दल म्हणतो, पुढाऱ्याबद्दल म्हणतो, भाजीवालीच्या टोमॅटोबद्दलही म्हणतो.

मी भिकन. शिक्षण चौथीपर्यंत. खानदेशातून सुरतला आलो आणि जन्मभर कापडाचे लूम चालवले. माझं लिहिणं चुकलं तर सांभाळून घ्या. राजांची नावं चुकली तर आप्पाकडे या. तो समोरच्या खोलीत एकटाच राहतो. डाईंग मिलमध्ये घडी खात्यात होता, म्हणजे रंगून आलेल्या कापडाच्या घड्या घालायचा. आता राजांच्या घड्या घालतो.

हे खूळ कसं लागलं ते ऐका. आप्पाचा पाय मोडला होता. पुतण्याने आपला जुना मोबाईल आणून दिला आणि त्यावर हिंदीत बोलणारी एक इंग्रज राजाची मालिका लावून निघून गेला. ती बंद कशी करायची आणि दुसरं काही कसं लावायचं हे आप्पाला माहीत नव्हतं. म्हणून तो तेच बघत राहिला. प्लास्टर निघेस्तोवर तीन राजे मेले होते. पुतण्या परत आला आणि म्हणाला, "काका, दुसरं काही लावू का?" आप्पा म्हणाला, "हात लावू नको. चौथा आजारी आहे."

मग त्याला शोध लागला की मोबाईलला तोंडाने विचारता येतं. आतून बाईचा आवाज येतो, म्हणून आप्पा तिला बेन म्हणतो. सकाळी ओट्यावर बसून त्याचं सुरू. "बेन, हेन्री पहेला कैसे मरा?" ती सांगते. आप्पा तिचं ऐकून घेतो, मालिकेत काय दाखवलं ते आठवतो आणि खदखदतो. "बघ भो, पडद्यावर छातीत बाण. खरा मेला पोटाने."

आणि हे खरंच तसं आहे म्हणतात. त्यांच्यातले बरेच पोटानेच गेले. एक हेन्री फ्रान्स जिंकायला गेला आणि छावणीत जुलाबाने गेला. जॉन नावाचा राजा, त्याचं दागदागिन्यांचं सगळं सामान भरतीच्या पाण्यात वाहून गेलं आणि मग तोही जुलाबाने गेला. हेन्री पहिला सापासारखे लांब मासे खाऊन गेला, वैद्य नको म्हणत असताना. तेव्हापासून आप्पा पाणी उकळून पितो. आमच्या घरी मासे झाले की दारात उभा राहून ताटात काय आहे ते बघून घेतो. लांब मासा असला तर बोलत नाही, फक्त मान हलवतो.

नावांचा मात्र त्याला राग. "अरे, यांच्या आईबापाला दुसरं नाव सुचलंच नाही. हेन्री, हेन्री, हेन्री. एडवर्ड, एडवर्ड, एडवर्ड. आपल्या गल्लीत दोन भिकन झाले तर एकाला लंबा भिकन म्हणतात का नाही?" म्हणून त्याने स्वतःच बारसं केलं. मासेखाऊ हेन्री. जुलाबवाला हेन्री. पोरांनी छळलेला हेन्री. एक हेन्री पाळण्यातच राजा झाला आणि मोठेपणी त्याचं डोकं बंद पडलं, तो डोकं-बंद हेन्री. सहा बायकांच्या हेन्रीकडे आप्पा जात नाही. म्हणतो तो फार नंतरचा. खरं कारण वेगळं आहे. माझ्या बायकोने, विमलने, त्याला बजावलं होतं, "आप्पा, बायका कापणारा राजा माझ्या घरात लावायचा नाही."

माझ्या घरात म्हटलं कारण दुपारी मालिका आम्ही तिघं आमच्याकडेच बघायचो. आमचा पडदा मोठा. हजीऱ्याच्या कारखान्यात मुलगा फिटर आहे, त्याने टीव्हीला मोबाईल कसा जोडायचा ते दाखवलं होतं. विमल भाजी निवडत बसायची, आप्पा खाली मांडी घालून, मी खाटेवर. सगळ्यात कमी मलाच कळायचं. विमलला राजांशी काही घेणं नव्हतं, तिला त्यांचा स्वयंपाक बघायचा असायचा. "एवढा मोठा वाडा आणि राणी हात न धुता जेवते?" आप्पाचं लक्ष कापडावर. "वहिनी, हा झगा बघा. चकाकतो कसा. हे पॉलिस्टर शे. हजार वर्षांपूर्वी इंग्लंडला आपल्या पांडेसऱ्याच्या मिलचं पॉलिस्टर कुठून आलं?" मग दात. "एवढे पांढरे दात कोणाचे असतात? राजाला सोडा, दवाखान्यातल्या डॉक्टरलाही नाहीत." घोड्यांबद्दल तर बोलूच नका. सबंध मालिकेत एका घोड्याने लीद टाकली नाही, याचं त्याला फार वाईट वाटायचं.

विमल म्हणायची, "तुम्हाला एवढं खोटं वाटतं तर बघता कशाला?"

"खोटं कुठे कुठे आहे ते बघायला," आप्पा म्हणायचा, आणि तिने दिलेली वाटी चाटूनपुसून परत करायचा.

एकदा सोसायटीने मोटरसायकली लावायची जागा खोदायला घेतली, खाली फरशा बसवायच्या होत्या. आप्पा तिथून हलेना. तिसरा रिचर्ड म्हणून एक राजा होता, लढाईत मेला, त्याला कुठे पुरलं ते लोक विसरून गेले आणि पार आपल्या काळात तो गाड्या लावायच्या जागेखाली सापडला. हे बेनने सांगितलेलं. आता आप्पाच्या मनाने घेतलं की खोदकामावर लक्ष ठेवलं पाहिजे. मजूर आदिवासी बायका, दाहोदकडच्या. त्या फावडं मारायच्या, हा वाकून बघायचा. "हळू, बेन, हळू. डोकं लागेल."

"कोनुं माथुं, काका?"

"राजानुं."

त्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि काम थांबवलं. कंत्राटदार आला, चेअरमन आला. चेअरमन मला म्हणाला, "भिकनकाका, याला आवरा. खाली फक्त गटाराची पाइप आहे." आप्पा शांतपणे म्हणाला, "त्या लोकांनाही तसंच वाटत होतं." अर्धा दिवस काम बंद. शेवटी पाइप फुटली आणि सगळे पळाले. आप्पा पण.

सिंहाच्या काळजाचा रिचर्ड हा त्याचा लाडका. लढाईला इतका फिरायचा की स्वतःच्या राज्यात घटकाभरही टिकला नाही. आप्पा म्हणतो, "तो आपल्यातला. रेशनकार्ड गावाला, माणूस बाहेर." हे त्याने इतकं सरळ तोंडाने सांगितलं की मला पटलं. आम्ही खानदेशातले सुरतवाले सगळे तसेच आहोत. जमीन तिकडे, दम इकडे. पडद्यावर रिचर्ड शेवटी घोड्यावर बसून येतो, ढोल वाजतात. खरा कुठल्या तरी किरकोळ किल्ल्याखाली खांद्यात बाण लागून गेला, आणि बाण मारणारा म्हणे ढालीच्या जागी तवा धरून उभा होता. तेव्हापासून विमल पोळ्या करत असली की आप्पा दारातून वाकून म्हणायचा, "वहिनी, तवा खाली. रिचर्ड आत येतोय."

विमल गेली. आजार, दवाखाना, ते काही लिहीत नाही. माणूस जातं तसं गेली.

लोक भेटायला यायचे. सगळ्यांचं एकच, भाग्याची होती, कुंकू लावून गेली, सोन्याची बाई होती. मी मान हलवायचो. मला वाटायचं एखाद्याने तरी म्हणावं की वाईट झालं, आणि गप्प बसावं. आप्पा आला, भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "भो, मासेखाऊ हेन्रीचा एकुलता एक हक्काचा पोरगा जहाज बुडून गेला. पुस्तकात लिहितात की त्यानंतर राजा कधी हसला नाही."

बाकीचे बघायला लागले. माझी साली डोळे पुसता पुसता थांबली.

"खोटं शे," आप्पा म्हणाला. "त्यानंतर त्याने दुसरं लग्न केलं. मासे पण खाल्ले. कोणी असं लिहिलं म्हणून तू तसं करू नको."

मला हसू आलं. दुःखाच्या घरात, सगळ्या सोयऱ्यांसमोर, माझ्या नाकातून आवाज आला. साली उठून आत गेली. ती अजून आप्पाशी बोलत नाही. पण त्या दिवसांत मला पहिल्यांदा घास गिळता आला, हे तिला कोणी सांगावं.

आता मुद्द्याचं. विमलच्या अस्थी मुलाने इथेच तापीत सोडल्या, दहाव्याच्या आत, रीतीप्रमाणे. पण थोड्या मी तांब्याच्या लोट्यात ठेवून घेतल्या होत्या. तिचंच सांगणं होतं. "मला थोडं तरी माहेरच्या तापीत सोडा. इथलं पाणी जन्मभर प्यायले, पुरे." तिचं माहेर तापीकाठी, नरडाण्याला उतरून पुढे. नदी तीच आहे, तिकडून येते आणि इकडे समुद्राला मिळते. पण बाईचं म्हणणं ते म्हणणं.

लोटा घरात आणत नाहीत, म्हणून गॅलरीच्या जाळीला लाल फडक्यात बांधून ठेवला. आणि तिथेच राहिला. मुलगा म्हणाला, "पप्पा, मी रजा काढतो, जाऊन येऊ." मी म्हटलं गुडघे दुखतात. मग म्हटलं ऊन आहे. मग पाऊस आहे. मेहुण्याचा फोन आला, "दाजी, वरीस व्हायला आलं. बहिणीला अशी लटकत ठेवू नका." सोसायटीतही कुजबुज व्हायला लागली. सगळ्यांचं बरोबर होतं. पण एकदा ते फडकं सोडलं की मग गॅलरीत काय राहणार होतं? मी सकाळी चहा घेऊन तिथे बसायचो. तेवढंच.

आप्पा यावर कधी एक अक्षर बोलला नाही. एका सकाळी टोपी घालून, पिशवी घेऊन दारात उभा राहिला. "चाल भो. तिकिटं काढली."

"कुठली?"

"नरडाण्याची. पॅसेंजरची."

"पॅसेंजर? ती तर प्रत्येक खांबाला थांबते."

"म्हणूनच काढली. न थांबणारी गाडी काय कामाची?"

का ते सांगेना. मी चिडलो, पण सदरा घातला. फडकं मीच सोडलं. लोटा मांडीवर घेऊन उधन्याला गाडीत बसलो आणि तो मी कुणाच्या हातात दिला नाही. समोरच्या बाईने सीटखाली ठेवा म्हटलं, नाही म्हणालो.

पहिलं स्टेशन आलं तसा आप्पा खाली उतरला. एक चहा घेतला, पहिला घोट फलाटाच्या कडेला ओतला, हात जोडले, अर्धा स्वतः प्यायला आणि उरलेला अर्धा मला खिडकीतून दिला. पुढच्या स्टेशनावर तेच. बारडोली, तेच. मधल्या छोट्या स्टेशनांवर चहावाला नसायचा, तर नुसता उतरायचा, जमिनीला हात लावायचा, धापा टाकत परत चढायचा. दोन-चार स्टेशनं झाल्यावर समोरची बाई कळवळून म्हणाली, "काका, डब्यातच आहे ना संडास. एवढं उतरायला कशाला लागतं?"

आप्पाने तिला सांगितलं, आणि त्या निमित्ताने मलाही. एडवर्ड म्हणून एक राजा होता, लांब तंगड्यांचा. त्याची राणी एलिनॉर गावापासून दूर, प्रवासात वारली. राजा तिला घेऊन राजधानीला निघाला. वाटेत जिथे जिथे तिला रात्रीपुरतं टेकवलं, तिथे तिथे त्याने नंतर दगडाचा उंच खांब बांधला, वर क्रूस. त्यातले काही अजून उभे आहेत.

"फार चांगला राजा असेल," बाई म्हणाली.

"छे. माणूस चांगला नव्हता. लोकांना फार मारलं. पडद्यावर त्याला खलनायक करतात, ते काही साफ खोटं नाही." आप्पाने टोपी काढून डोकं खाजवलं. "पण त्या वाटेवर तो थांबत थांबत गेला. एवढं पडद्यावाले दाखवत नाहीत. आपल्याला खांब बांधायला कोण देतो, रेल्वे पकडून नेईल. म्हणून चहा. वहिनींना चहा आवडायचा."

व्यारा आलं तेव्हा त्या बाईनेच चहावाल्याला हाक मारली. नवापूरला, जिथे अर्धं स्टेशन गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे, तिथे आप्पाने दोन घोट ओतले, एकेका राज्यात एकेक, पुढे तक्रार नको म्हणून. नंदुरबारपर्यंत माझं पोट चहाने डबडबलं होतं. मला वाटलं आता मीही पोटानेच जाणार, राजासारखा.

नदीवर संध्याकाळी झालं ते नीट झालं, मेहुणा होता, त्याबद्दल काही लिहायचं नाही. मला त्याआधीच्या दोंडाईचाचं सांगायचं आहे.

दोंडाईचा आलं आणि आप्पा उतरला नाही. फलाटावर मिरच्यांची पोती होती, डब्यात सगळे शिंकत होते. चहावाला आमच्या खिडकीवरून गेला. आप्पा पलीकडच्या खिडकीतून रिकामा रूळ बघत बसला.

"आप्पा, स्टेशन आलं."

"थांबत नाही इथे जास्त."

"क्रॉसिंग आहे. थांबेल. तुझं गाव इथूनच ना?"

"हां."

मग तोच बोलला, तोंड तिकडेच ठेवून. "घरची गेली तेव्हा मी घडी खात्यात होतो. निरोप मिलच्या दारावर आला, तिथून ऑफिसात, तिथून कोणी तरी विसरलं. मी पोचलो तर सगळं होऊन गेलं होतं. सावडून, नदीत सोडूनसुद्धा झालं होतं. घरात जेवणावळ चालली होती. मला म्हणाले, हात धू, बस." त्याने टोपी नीट केली. "मला कुठे थांबायला राहिलंच नाही, भो."

आप्पाचं लग्न झालं होतं हे मला माहीत होतं. ती लवकर गेली, हेही ऐकून होतो. इतकी वर्षं समोरासमोर दारं, जुलाबवाल्या हेन्रीच्या आजीचं नाव मला पाठ, पण हे त्याने कधी काढलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

मी उठलो. हातात लोटा होता, उतरता येईना. तो आप्पाच्या मांडीवर ठेवला आणि दांडा धरून खाली उतरलो. चहा घेतला. खिडकीशी आलो आणि विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

आप्पाने तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्या वयाची माणसं बायकोचं नाव तोंडाने घेत नाहीत, मीसुद्धा फक्त लिहितो. अमक्याची आई म्हणतात. आप्पाला मूलबाळ नव्हतं. म्हणजे तिला हाक मारायला त्याच्याकडे काहीच नव्हतं.

त्याचे ओठ हलले.

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "लूमने कान खाल्लेत माझे. जोराने बोल."

"सुभद्रा," तो ओरडला. इतका मोठ्याने की पोत्यांवर बसलेले हमाल उठून उभे राहिले आणि शिंकणारी माणसं शिंकायची थांबली.

मी रुळाच्या कडेला वाकलो आणि पहिला घोट ओतला. घाईत जरा जास्तच सांडला. उरलेला त्याला खिडकीतून दिला. त्याने अर्धा मला ठेवला नाही, सगळा प्यायला.

गाडी हलली तसा मी कसाबसा चढलो, समोरच्या बाईने हात दिला. आप्पा लोटा दोन्ही हातांनी धरून बसला होता, त्यावरचं फडकं नीट करत. मी तो परत मागितला नाही.